बसून झोपायची खुर्ची

माझ्या हातात कला आहे असं घरी येणारी प्रत्येक बाई म्हणते, आणि मला त्याचा भयंकर राग येतो. कला कसली डोंबलाची! साधी चोळी बेतायची तर मी अजून शेजारणीच्या दारात जाते. जन्मात मला एकच वस्तू धड शिवता आली, ती म्हणजे खुर्ची. एकच खुर्ची. ती मी चार वर्षं शिवत होते, उसवत होते, पुन्हा शिवत होते. हौस म्हणून नव्हे. माझ्या सासूला आडवं होता येत नव्हतं म्हणून.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायचे. आत्याबाईंना दमा होता. माझं लग्न झालं तेव्हा तो थंडीपुरता यायचा आणि जायचा. मामंजी वारले, त्यानंतर दोन वर्षांत तो कायमचा मुक्कामाला आला. पाठ जमिनीला टेकली की त्यांचा श्वास अडकायचा. छातीत शिट्टी वाजायची, डोळे मोठे व्हायचे, आणि दोन्ही हातांनी त्या हवेत काहीतरी धरायला बघायच्या. उठवून बसवलं की हळूहळू जिवात जीव यायचा. तेव्हा त्यांची झोप बसूनच.

आता बसून झोपायचं ते कुठं? आमचं घर मालेगावकडून जऊळक्याच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या खेड्यात. घरात कणग्या होत्या, जातं होतं, एक बाज होती, पण टेकून बसावं असं काहीच नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात टेकायला वेळ असतो कुणाला? कणगीला पाठ लावून, मागे दोन वाकळी कोंबून आम्ही त्यांना बसवायचो. घटकाभरानं त्या खाली घसरायच्या. मग मी काखेत हात घालून वर ओढायची. दिवसातून किती वेळा आणि रात्रीतून किती वेळा, ते विचारू नका. सकाळी पुन्हा शेण, पाणी, भाकरी, आणि कापूसवेचणीचे दिवस असले की कमरेला ओटी बांधून शेतात. मी तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची होते, पदरी एक पोर होतं, आणि माझी कंबर म्हातारीची झाली होती.

आत्याबाई काही गरीब गाय नव्हत्या, हेही सांगून टाकते. लग्न होऊन आले तेव्हा माझी वाकळ पाहून त्यांनी चार बायकांत म्हटलं होतं, "टाके पाह्य हिचे. कोंबडी चालून गेल्यावानी." ते मी विसरले नव्हते. मी काहीही विसरत नाही, तो माझा स्वभावच आहे.

एकदा माझे मालक जऊळक्याला सरकीची पोती चढवायला गाडी घेऊन गेले. तिथल्या स्टेशनमास्तरांची बदली झाली होती आणि ते नको असलेलं सामान वाटून टाकत होते. मालक परतले तेव्हा रिकाम्या गाडीत मधोमध एक खुर्ची उभी. सागवानी, हातांना रुंद फळ्या, पाठ थोडी मागे कललेली. बसायच्या जागी वेताची वीण फाटून एवढं मोठं भोक पडलेलं, की मांजर आरपार जावं.

"हे काय आनलं?" मी विचारलं.

"खुर्ची हाय. मायले बसव हिच्यात."

"आन् बसल्यावर माय खाली पडली मंग?"

"ते तू पाह्य," ते म्हणाले, आणि बैल सोडायला गेले. आमच्या घरातली सगळी अवघड कामं याच तीन शब्दांनी माझ्याकडे आली आहेत.

वेत विणणारा आमच्याकडे कुणी नव्हता. मी उरलेली वीण विळ्यानं कापून काढली आणि बाजेची जुनी नवार आडवी-उभी ताणून बांधली. त्यावर गादी हवी. गादी म्हणजे कापूस, आणि कापूस तर घरात आढ्याला लागला होता. नव्या वेचणीचा, दुधासारखा. पांढऱ्या सोन्याच्या ढिगाशेजारी बसून विकतची पिंजलेली रुई कोण आणतं? ती अक्कल मला तेव्हा नव्हती आणि घरात कुणालाच नव्हती. मी मांजरपाटाची पिशवी शिवली आणि त्यात तो कापूस सरकीसकट कोंबला. सासूसाठी हात आखडता घेतला असं कुणी म्हणायला नको, म्हणून वरून पायानं दाबून आणखी कोंबला. तोंड शिवलं, वर खारव्याचं लाल कापड चढवलं आणि आत्याबाईंना बसवलं.

त्या बसल्या. इकडे सरकल्या, तिकडे सरकल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मले काय अंड्याईवर बसवलं काय व? पिल्लं निघतीन तवा सांगजो."

मला इतकं हसू आलं आणि इतका राग आला, की मी चुलीशी जाऊन उगाच लाकडं आत सारत बसले. गादी मधे फुगली होती, त्यामुळं त्या पुढे ढकलल्या जात होत्या आणि सरकी टोचत होती. दोन दिवसांत सगळं उसवलं.

त्या महिन्यात पिंजारी गावात आला. म्हातारा मुसलमान, खांद्यावर धनुकली, दाढीत कायम कापसाचे तंतू. मी त्याला माझी गादी दाखवली. त्यानं ती हातात घेतली, दाबली, आणि हसला नाही, हे त्याचे उपकार.

"बेटी, तू तर पोतं भरलं," तो म्हणाला. "कापसाले जागा पाह्यजे. हवा भरून राह्यली त गादी, नाई त गठान."

त्यानं रुई पिंजून दिली आणि ओसरीसमोर बसून मला टाके दाखवले. मधून सुरू करायचं, काठाकडे जायचं. दाभण सरळ खाली घालायचं, तिरपं नाही. टाका ओढायचा तो गादी थोडी दबेल इतकाच. मी डोळ्यात तेल घालून पाहिलं. दुसरी गादी मी एकटीनं केली. आत्याबाई तीवर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. न बोलणं म्हणजे त्यांच्याकडून शाबासकीच.

ती गादी थंडीभर बरी चालली. चैत्र लागला आणि नवं दुखणं सुरू झालं. दिवसरात्र एकाच जागी बसलेल्या माणसाखाली कापूस तापतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घामानं कातडी सोलली. बसल्या जागी कापूस दगडासारखा बसला. मी गादी उन्हात टाकायची, बडवायची, पुन्हा भरायची, आठ दिवसांत पुन्हा तेच. आत्याबाई कण्हायच्या आणि मी कण्हण्याकडे पाठ करून भाकरी थापायची. काय करणार?

उपाय सापडला तो गोठ्यात. मोटेचा जुना नाडा तिथे पडला होता, अंबाडीचा, मनगटाएवढा जाड. त्याचं एक टोक उकललं होतं, आणि पीळ सुटलेले ते तंतू कुरळे होऊन फुलले होते. मी ते मुठीत दाबले. सोडले तर परत वर आले. मी तिथेच शेणात उभी राहून ते चार-पाच वेळा दाबून पाहिले. कापूस असा कधी परत येत नाही.

मग तो अख्खा नाडा मी उकलला. महिना गेला त्यात. अंबाडीनं बोटांना चिरा पडतात, आणि त्या चिरांत मिरचीचं तिखट गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तंतू पाण्यात भिजवून, वाळवून, मोकळे करून नवारीवर पसरले. वर बारदानाचा तुकडा ताणून काठाला शिवला. त्यावर दोन बोटं पिंजलेली रुई, त्यावर मांजरपाट. खालून हवा खेळायची, वर मऊ राहायचं. पाठीलाही तसंच केलं. मान कलायची म्हणून दोन्ही बाजूंना गाढवाच्या कानासारखे दोन उभे तक्के शिवले. पुढे झुकलं की श्वास हलका होतो असं त्याच म्हणाल्या, तेव्हा मांडीवर ठेवायला एक जाड लोड केला. आणि झोपेत पुढे पडू नयेत म्हणून छातीवरून जाणारा रुंद, मऊ पट्टा, खुर्चीच्या मागे बांधायचा.

"बैलावानी बांदते मले," त्या कुरकुरल्या.

"बैल बरा," मी म्हणाले. "तो टाक्याईले नावं नाई ठेवत."

त्यावर त्या हसल्या. हसता हसता खोकल्या, आणि मग बराच वेळ आम्ही दोघी तो खोकला थांबायची वाट बघत बसलो.

वरचं कापड कोणतं घालायचं यावरून मात्र त्यांनी हट्ट धरला. मी खारवा आणला होता, मळखाऊ आणि टिकाऊ. त्यांना फुलांची छीट हवी होती. मालेगावच्या बाजारात त्यांनी पूर्वी कधीतरी पाहिली होती, निळ्या जमिनीवर गुलाबी फुलं.

"या वयात फुलं कायले?" मालक म्हणाले.

"तुहा बाप गेल्यापासून मी फुलाचं लुगडं नेसली नाई," आत्याबाई म्हणाल्या. "अंगावर नाई त बुडाखाली तरी असू दे."

मालक लाजून बाहेर निघून गेले. पुढच्या बाजारी छीट आली. ती चढवली त्या दिवशी गल्लीतल्या बायका पाहायला आल्या आणि आत्याबाई मडमेसारख्या हातांवर हात ठेवून बसल्या. एकीनं विचारलं, कुणी शिवलं? त्या म्हणाल्या, "आमच्या सूनबाईनं. हात चांगला हाय तिचा." मी आत भांडी घासत होते. मी ऐकलं नाही असं दाखवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

पण खुर्ची ही वस्तूच आमच्या घराला नवी होती. बाईमाणूस जमिनीवर बसायचं, हा रिवाज. त्यात सासऱ्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे मामंजी, रोज सकाळी चहाला यायचे आणि ओसरीत घोंगडीवर बसायचे. ओसरीतून मधलं घर सरळ दिसायचं. भासरे, म्हणजे थोरले दीर, खाली जमिनीवर आणि भावजय वर खुर्चीत, हे आत्याबाईंना मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. त्यांची काठी अंगणात वाजली की त्या पट्टा ओढायला लागायच्या, "उतरव, उतरव मले." मी खाली उतरवायची, त्या पदर ओढून भिंतीशी बसायच्या, आणि बसल्याबरोबर शिट्टी सुरू. मोठे मामंजी बिचारे तिकडून म्हणायचे, "आज लय लागून राह्यलं वाट्टे भाऊजयीले." त्यांना कोण सांगणार, की तुमच्यामुळंच लागून राह्यलंय?

रोजची ही उतरवाउतरव मला झेपेना. मी पडदा शिवायचं ठरवलं. तोवर महायुद्ध सुरू झालं होतं आणि बाजारात कापड दिसेनासं झालं होतं. मामंजींची दोन जुनी धोतरं होती, ती जोडली. पळसाची फुलं उकळून त्यात बुडवली, तर छान पिवळा रंग आला. कडेला जुन्या लुगड्याचे काठ लावले, वर नेफा शिवला, दोरी ओवली आणि ओसरी नि मधल्या घराच्या मधे टांगला.

दुसऱ्या दिवशी मोठे मामंजी आले आणि पडद्यासमोर थांबले. "हे काय? नाटक बसवून राह्यले काय घरात?"

पडद्यामागून आत्याबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "धूळ लय येते, म्हनून लावला."

"हो, धूळ त येतेच," ते म्हणाले, आणि घोंगडीवर बसले. त्या वर बसल्या आहेत हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे आत्याबाईंना. त्या दिवसापासून दोघं पडद्याच्या अल्याड-पल्याड बसून पीकपाण्याचं, नातेवाइकांचं तासतासभर बोलायची. पस्तीस वर्षांत त्यांचं इतकं बोलणं झालं नसेल. सगळ्या शिवणकामात मला त्या पडद्याचा तेवढा अभिमान आहे.

तिसऱ्या थंडीत ते झालं.

सकाळची वेळ. आत्याबाईंना असा काही दम लागला, की ओठ निळे पडले आणि मान एका तक्क्यावर कलंडली. मालकांनी मोठ्या मामंजींना बोलावून आणलं. ते पडदा सारून प्रथमच आत आले, पाहिलं, आणि म्हणाले, "खाली घ्या."

आमच्याकडे माणसाचा जीव मातीवर गेला पाहिजे. बाजेवर, गादीवर गेला तर त्याला गत मिळत नाही, तो घरातच घुटमळतो, असं मानतात. शेवट जवळ आला की सारवलेल्या जमिनीवर घोंगडी टाकून माणसाला खाली घेतात. मोठे मामंजी काही दुष्ट नव्हते. त्यांच्या स्वतःच्या वडलांचा जीव बाजेवर गेला होता, आणि नंतर घरात जे जे वाईट घडलं ते त्यांनी जन्मभर त्या बाजेवर ढकललं होतं. भावजयीचं तसं होऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

खाली घेतलं. पाठ टेकवली. आणि मी जे पाहिलं ते पुन्हा कुणाला पाहायला लागू नये. आत्याबाई मरत नव्हत्या. त्या बुडत होत्या. टाचा जमिनीवर आपटत होत्या, नखांनी घोंगडी ओरबाडत होत्या, तोंड उघडं आणि आत हवा जात नव्हती. मोठे मामंजी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. मी कुणालाही न विचारता काखेत हात घातले, त्यांना उठवून बसवलं आणि माझ्या छातीशी टेकवलं. मालक ओरडले, "काय करून राह्यली?" मी म्हणाले, "सरका तिकडे!" नवऱ्यावर मी पहिल्यांदाच ओरडले होते. थोड्या वेळानं शिट्टी परत आली. ती शिट्टी ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. दुपारी त्या खुर्चीत बसून पेज प्यायल्या.

चार दिवसांनी मी पट्ट्याचे टाके घट्ट करत होते, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"आता मले खाली घेऊ देऊ नको व."

"नाई देणार."

"गत नाई झाली त नाई झाली. भूत होईन त होईन. मंग तुमच्याच घरात राहीन, कोठी जातो? पन ते तसं... पान्यात मुंडकं दाबून मारल्यावानी... तसं नको. मले बसल्या बसल्या जाऊ दे."

"नाई घेऊ देणार, आत्याबाई."

"पोराले नाई समजत. तुले समजते."

"हो," मी म्हणाले. दोनदा म्हणाले.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते मला नीट आठवतच नाही. माझं दुसरं बाळंतपण त्याच वर्षातलं. बाळ एका मांडीवर आणि दुसऱ्या मांडीवर उसवलेली गादी, असे दिवस होते. अंबाडी बसली की काढायची, मोकळी करायची, पुन्हा भरायची. आता त्यांना स्वतःला आवरता यायचं नाही, तेव्हा गादीवर रोज धुवायची खोळ लागायची. मी तीन खोळी शिवल्या. एक अंगाखाली, एक दोरीवर, एक पाण्यात. फुलांची छीट धुऊन धुऊन अशी झाली, की फूल कुठलं आणि डाग कुठला ते कळेना. मी तीन वर्षं माहेरी गेले नव्हते. केनवडला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्यालाही गेले नाही. खुर्ची सोडून जाणार कशी? दुसऱ्या कुणाला तिचं तंत्र माहीत नव्हतं.

आणि आता लिहितेच आहे तर खरं लिहिते. कधी कधी दाभण हातात धरून मी त्यांच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, बाई, सुटा आता. तुम्ही सुटा आणि मलाही सोडवा. त्या डोळे मिटून बसलेल्या असायच्या. मग मला माझीच शरम वाटायची आणि मी खाली मान घालून टाका घालायची.

वेचणी भरात होती तेव्हाची गोष्ट. पहाटेपासून दम लागला होता. तितका वाईट होता का? मला वाटतं, नव्हता. असे दम मी त्या चार वर्षांत कितीतरी पाहिले होते. ओठ निळे होते, पण शिट्टी होती. जेवणवेळेपर्यंत थांबलं तर उतरेल, असा माझा अंदाज होता, आणि माझे अंदाज सहसा चुकायचे नाहीत.

पण माणसं जमली होती. मोठे मामंजी आले होते, त्यांच्यामागून भावकीतले चार जण. ओसरी भरली. बायकांनी आतली जमीन सारवायला घेतली. मी तान्ह्याला पाजत कोपऱ्यात बसले होते. गेल्या दोन दिवसांत पाठ टेकलेली नव्हती.

"खाली घ्या," मोठे मामंजी म्हणाले. या वेळी आवाजात विनवणी होती. "मागच्या बारीले वाचली, देवाची कृपा. पन आता येळ नका घालवू."

मालक उठले, खुर्चीपाशी गेले आणि थांबले. मागच्या वेळचं तेही विसरले नव्हते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. सगळ्या भावकीसमोर, मोठ्या मामंजींसमोर त्यांनी मला विचारलं.

"तू सांग. तुले समजते तिचं. घ्यावं काय खाली?"

त्या घरात मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. सारवणाऱ्या बायकांचे हात थांबले. आत्याबाईंनी डोळे उघडले होते. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी बाळाला खाली ठेवलं. उठले. मला वाटतं, सगळ्यांना वाटलं असेल की मी आता काहीतरी बोलणार. मलाही वाटलं होतं. मी खुर्चीच्या मागे गेले आणि पट्टा सोडला.

आत्याबाई पुढे कलल्या. मालकांनी खांदे धरले, मी पाय धरले, आणि आम्ही त्यांना घोंगडीवर आडवं केलं. त्यांनी टाचा आपटल्या नाहीत. माझं मनगट घट्ट धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. फार वेळ लागला नाही. मोठ्या मामंजींनी तोंडात पाणी घातलं आणि म्हणाले, "मातीले लागली बाई. सोनं झालं."

बायकांनी रडायला सुरुवात केली. मग माझ्याकडे येऊन एकेक जण म्हणू लागली, सून असावी तर अशी, चार वर्षं फुलासारखं जपलं, शेवटही किती चांगला केला. मी ऐकून घेतलं. मयत उचलली, पुरुष गेले, आणि मी बाळाला घेऊन कापसाच्या ढिगाशेजारी आडवी झाले. आंघोळ करायची होती, चूल बंद होती, घरभर माणसं होती. मला झोप लागली. दिवस मावळेपर्यंत मी मेल्यासारखी झोपले आणि सुतकाच्या घरात मला कुणी उठवलं नाही, थकली आहे बिचारी म्हणून.

ते खरंच होतं. मी थकले होते. पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगितलं, की रिवाजापुढे माझं काय चाललं असतं, चार पुरुषांपुढे सुनेनं काय बोलायचं. पण ते खोटं आहे. त्या दिवशी मला विचारलं होतं. मी नुसतं "नाई" म्हणाले असते, तर ते थांबले असते.